सीडी ड्राइव्ह म्हणून दिसणारे वायफाय डोंगल : हलक्या लिनक्स प्रणालीवरील एक प्रकरण

तालुक्याच्या गावातील एका अभ्यासिकेत स्पर्धा परीक्षांची तयारी करणाऱ्या मुलामुलींसाठी एक जुना लॅपटॉप ठेवलेला आहे. त्यात दोन गाभ्यांचा ६४ बिट प्रोसेसर, २ जीबी रॅम आणि फिरती हार्ड डिस्क आहे. अर्ज भरणे, प्रवेशपत्र उतरवून घेणे आणि मागील वर्षांच्या प्रश्नपत्रिका पाहणे एवढेच काम त्याच्याकडून अपेक्षित आहे. एवढ्या स्मृतीत नव्या विंडोजचा निभाव लागत नसल्याने त्यावर डेबियन १२ या लिनक्स वितरणाची किमान मांडणी केली होती. पूर्ण डेस्कटॉप न घेता आइसडब्ल्यूएम हा छोटा विंडो मॅनेजर, एक ब्राउझर आणि नेटवर्क मॅनेजर एवढेच त्यात घेतले होते. पॅकेजे बसवताना ‘शिफारस केलेली पॅकेजे घेऊ नयेत’ हा पर्याय अ‍ॅप्टला दिलेला होता. लॅपटॉप हलका राहावा म्हणून घेतलेला हा निर्णय योग्यच होता. मात्र पुढे जे घडले त्याची बरीचशी मुळे त्यातच होती, म्हणून त्याची नोंद आरंभीच केली आहे.

लॅपटॉपमधील मूळचे वायफाय कार्ड बंद पडल्यावर अभ्यासिकेने बाजारातून एक छोटे यूएसबी वायफाय डोंगल आणले. ते लावले की त्याचा दिवा लागत असे, पण वायफायच्या यादीत काहीच दिसत नसे. दुकानातील विंडोजच्या संगणकावर तेच डोंगल नीट चालले. तिथून परतलेल्या विद्यार्थ्याने विचारले, “सर, हे लिनक्सला चालणारच नाही म्हणतात. बदलून आणू का?”

हा प्रश्न अनेकांना पडतो आणि बरेचजण डोंगल खरोखरच बदलून आणतात. पण यंत्र ओळखण्याचे काम प्रणालीत एकाच ठिकाणी होत नाही. यूएसबीच्या तारेवर काहीतरी जोडले गेल्याचे पोर्टचा नियंत्रक ओळखतो. त्या वस्तूने सांगितलेल्या क्रमांकांवरून कर्नल, म्हणजे प्रणालीचा मूळ भाग, तिची ओळखपट्टी तयार करतो. ती पट्टी हाती घेऊन यूडेव्ह ही यंत्रांची ये-जा हाताळणारी सेवा योग्य ड्रायव्हर शोधायला लावते, ड्रायव्हर त्या चिपसाठी लागणारे फर्मवेअर, म्हणजे चिपच्या आत चालणारा छोटा कार्यक्रम, मागतो, आणि हे सारे जुळून आल्यावरच नेटवर्क मॅनेजरला एक वायफाय इंटरफेस दिसतो. यातील कोणतीही कडी तुटली तरी वापरणाऱ्याला पडद्यावर दिसते ते एकच, म्हणजे काहीही नाही. म्हणूनच नेमकी कोणती कडी तुटली आहे ते ठरवल्याखेरीज कोणतेही पॅकेज बसवायचे नाही, आणि कोणतीही वस्तू बदलायची नाही, असे ठरवून तपासाला सुरुवात केली.

आतले कार्ड आणि बाहेरचे डोंगल

लॅपटॉपच्या आतील बंद कार्डाकडे आधी पाहिले, कारण तुलनेसाठी ते उपयोगी होते. एलएसपीसीआय ही आज्ञा पीसीआय बसवर, म्हणजे संगणकाच्या आतील जोडमार्गावर, उत्तर देणाऱ्या सर्व घटकांची यादी देते. त्या यादीसाठी ड्रायव्हरची गरज नसते. ज्याला ड्रायव्हर नाही असा घटकही तिथे निदान क्रमांकासह हजर असतो. आमच्या यादीत ग्राफिक्स, ध्वनी, वायरचे नेटवर्क हे सारे होते, वायफाय मात्र नव्हते. बायोसमध्ये वायरलेस चालू असल्याची खात्री केली, मागचे झाकण उघडून कार्ड काढून पुन्हा नीट बसवले, तरी यादीत फरक पडला नाही. मग तेच कार्ड दुसऱ्या लॅपटॉपमध्ये लावून पाहिले, तर तिथेही ते बसवर आले नाही. जे बसवरच येत नाही त्याच्यासाठी ड्रायव्हर किंवा फर्मवेअर शोधणे व्यर्थ असते. कार्डाचा विषय तिथेच संपला.

डोंगलची गोष्ट वेगळी होती. किमान मांडणीत एलएसयूएसबी ही आज्ञा नव्हती, कारण ती यूएसबीयूटिल्स या स्वतंत्र पॅकेजात येते आणि ते बसवायला तर नेटवर्कच नव्हते. पण त्यावाचून अडत नाही. कर्नल आपल्याला माहीत असलेले प्रत्येक यूएसबी यंत्र ‘सिस’ या आभासी फाइलप्रणालीत मांडून ठेवतो. तिथल्या बस, यूएसबी, डिव्हायसेस या फोल्डरांतून खाली गेले की प्रत्येक यंत्राच्या नावे एक फोल्डर असतो आणि त्यात आयडी-व्हेंडर, आयडी-प्रॉडक्ट, मॅन्युफॅक्चरर अशा छोट्या मजकूर फाइली असतात. त्या साध्या कॅट आज्ञेने वाचता येतात. डोंगल लावण्यापूर्वीची आणि लावल्यानंतरची फोल्डरांची यादी शेजारी ठेवली तेव्हा एक नवे नाव दिसले. त्यातील उत्पादक क्रमांक ०बीडीए, म्हणजे रिअलटेक, आणि उत्पादन क्रमांक १ए२बी.

म्हणजे डोंगल जिवंत होते आणि पोर्टशी त्याचे बोलणेही होत होते. याला डीमेसेज या आज्ञेने दिसणाऱ्या कर्नलच्या नोंदींतून दुजोरा मिळाला. डेबियनमध्ये या नोंदी सामान्य वापरकर्त्याला दिसत नाहीत, त्यामुळे ती आज्ञा रूटच्या, म्हणजे सर्वाधिकारी वापरकर्त्याच्या, अधिकाराने चालवावी लागते. पोर्ट सैल असेल, तार खराब असेल किंवा वीज अपुरी पडत असेल, तर तिथे सहसा ‘डिव्हाइस डिस्क्रिप्टर रीड’ आणि पुढे उणे ७१ किंवा उणे ११० अशा त्रुटी पुन्हा पुन्हा दिसतात. उणे ७१ म्हणजे संवादाचा नियम मोडला गेला आणि उणे ११० म्हणजे वाट पाहण्याची मुदत संपली. आमच्याकडे तसे काही नव्हते. नवे हाय-स्पीड यंत्र आले, त्याचे क्रमांक वाचले गेले आणि पुढच्याच ओळींत उलगडा होता : यूएसबी-स्टोरेज या ड्रायव्हरने ते यंत्र आपल्या ताब्यात घेतले होते आणि ‘सीडी-रॉम’ म्हणून त्याची एसआर१ या नावाने नोंद केली होती.

वायफायच्या डोंगलने सीडी ड्राइव्हचे रूप घेतले होते. याला बिघाड म्हणता येणार नाही, ती रचनाच तशी आहे. विंडोजच्या संगणकात लावल्यावर ड्रायव्हरची सीडी शोधावी लागू नये म्हणून अशा डोंगलच्या आत थोडी स्मृती ठेवलेली असते. लावताच ते स्वतःला सीडी म्हणून सादर करते, त्या ‘सीडी’वरून विंडोजचा ड्रायव्हर बसतो, आणि ड्रायव्हरने इशारा दिला की डोंगल आपले रूप बदलून खरे वायफाय यंत्र बनते. काही वर्षांपूर्वी मोबाइल कंपन्यांची जी इंटरनेट डोंगले घरोघरी होती, त्यांतील कित्येकांची रीत हीच होती. कर्नलच्या दृष्टीने पाहिले तर त्याने चूक केलेली नाही. यंत्राने आपला वर्ग साठवणीचा सांगितला, म्हणून त्याला साठवणीचा ड्रायव्हर दिला गेला.

रूप बदलणे

एखादे पॅकेज शोधण्यापूर्वी हा तर्क हाताने पडताळून पाहणे शक्य होते, आणि असे शक्य असेल तेव्हा ते अवश्य करावे असे माझे मत आहे. या प्रकारच्या डोंगलला रूप बदलण्याचा इशारा म्हणून बहुधा सीडी बाहेर काढण्याची नेहमीचीच आज्ञा पुरते. लॅपटॉपला स्वतःचा डीव्हीडी ड्राइव्ह होता आणि त्याचे नाव एसआर० होते. त्यामुळे डीमेसेजमध्ये पाहून खात्री केलेल्या एसआर१ वरच इजेक्ट ही आज्ञा चालवली. डोंगलचा दिवा विझून पुन्हा लागला. डीमेसेजमध्ये आधी ‘यूएसबी डिस्कनेक्ट’ आणि लगेच नवे यंत्र आल्याची नोंद उमटली. या वेळी उत्पादन क्रमांक सी८११ होता आणि उत्पादनाचे नाव ‘८०२.११एसी एनआयसी’ असे होते.

पण हा बदल टिकाऊ नसतो. वीज गेली किंवा डोंगल काढून लावले की ते पुन्हा सीडी होते. मोठ्या डेस्कटॉप वितरणांत हे काम यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज गुपचूप करते. त्याच्या यूडेव्ह नियमांच्या फाइलीत ज्ञात क्रमांकांची लांब यादी असते, आणि तसा क्रमांक दिसताच ते योग्य तो इशारा पाठवते. आमच्याकडे ते का नव्हते, याचे उत्तर पॅकेजांच्या परस्परसंबंधांत सापडले. डेबियनमध्ये नेटवर्क मॅनेजर हे पॅकेज मोडेम मॅनेजरची शिफारस करते आणि मोडेम मॅनेजर यूएसबी-मोडस्विचची शिफारस करते. ही शिफारस असते, सक्ती नसते. शिफारशी वगळून मांडणी केली की ही दोन्ही पॅकेजे बाहेर राहतात, आणि मोबाइल मोडेम वापरायचे नसल्याने ती वगळल्याचे कुणाला जाणवतही नाही. वायफायच्या डोंगलला मोडेमच्या वाटेने आलेले साधन लागेल, हे नावांवरून लक्षात येणे कठीणच आहे.

आता प्रश्न नेटवर्कचा होता, कारण नेटवर्क आणण्यासाठी लागणारे पॅकेज नेटवर्कवरूनच आणायचे होते. अभ्यासिकेत वायरचे कनेक्शन लॅपटॉपपर्यंत पोहोचत नव्हते. येथे अँड्रॉइड फोन कामी आला. फोन चार्जिंगच्या केबलने लॅपटॉपला जोडून फोनच्या सेटिंगमध्ये यूएसबी टेदरिंग चालू केले की लॅपटॉपला तो फोन वायरच्या नेटवर्क कार्डासारखा दिसतो. त्यासाठी लागणारे आरएनडीआयएस होस्ट किंवा सीडीसी एनसीएम हे ड्रायव्हर डेबियनच्या कर्नलसोबतच येतात आणि त्यांना वेगळे फर्मवेअर लागत नाही. नेटवर्क मॅनेजरने काही सेकंदांत पत्ता मिळवला. मात्र केबल डेटा वाहून नेणारी हवी, कारण केवळ चार्जिंगच्या केबलने हे साधत नाही. जुन्या संगणकांवर लिनक्स बसवणाऱ्या प्रत्येकाने ही युक्ती लक्षात ठेवावी, तिच्यामुळे पेन ड्राइव्हवरून एकेक पॅकेज वाहून आणण्याचा त्रास वाचतो.

यूएसबी-मोडस्विच बसवल्यावर त्याच्या नियमांच्या फाइलीत १ए२बी हा क्रमांक शोधला, तो होता. नसता तर त्याच धर्तीची एक ओळ स्थानिक नियमांच्या फोल्डरात लिहावी लागली असती. मग डोंगल काढून पुन्हा लावले. काही क्षण सीडी, आणि मग आपोआप सी८११. या वेळी यूएसबीयूटिल्सही बसवून घेतले होते, त्यामुळे एलएसयूएसबीची झाडाच्या आकाराची यादी पाहता आली. तीत डोंगलच्या ओळीवर वर्ग ‘व्हेंडर स्पेसिफिक’ होता आणि ड्रायव्हर या शब्दापुढची जागा रिकामी होती.

ड्रायव्हर नसलेले यंत्र

ही रिकामी जागा फार मोलाची खूण आहे. यंत्र बसवर आहे, खऱ्या रूपात आहे, पण त्याला कुणी ताब्यात घेतलेले नाही असा तिचा अर्थ. त्याची कारणे दोन संभवतात. एक तर ड्रायव्हर कर्नलमध्ये आहे पण रोखलेला आहे, किंवा या कर्नलला तो क्रमांकच माहीत नाही. याचा निवाडा करण्यासाठी अंदाज बांधण्याची गरज नसते. प्रत्येक कर्नलच्या मॉड्यूलांच्या फोल्डरात मॉड्यूल्स-एलिअस नावाची एक फाइल असते. कोणत्या क्रमांकाच्या यंत्राला कोणते मॉड्यूल लावायचे, याची ती संपूर्ण यादी असते. यंत्राच्या ‘सिस’मधील फोल्डरात मोडएलिअस नावाची फाइल असते आणि तीत यंत्राची ओळखपट्टी एका ओळीत लिहिलेली असते. त्या पट्टीतील ०बीडीए आणि सी८११ हे तुकडे मोठ्या अक्षरांत घेऊन ग्रेप या शोधाच्या आज्ञेने यादीत शोध घेतला. एकही ओळ मिळाली नाही.

डेबियन १२ चा कर्नल ६.१ आहे. रिअलटेकच्या या चिपकुळासाठी कर्नलमध्ये आरटीडब्ल्यू८८ हा ड्रायव्हर आधीपासून होता, पण तो पीसीआयवरच्या कार्डांसाठी. यूएसबीवरच्या यंत्रांना आधार मिळाला तो ६.२ पासून. म्हणजे हा कर्नल केवळ एका आवृत्तीने मागे पडला होता.

पुढे दोन मार्ग होते. पहिला मार्ग म्हणजे कर्नलबाहेर उपलब्ध असलेला ड्रायव्हर स्रोतासह उतरवून डीकेएमएस या साधनाच्या साहाय्याने स्वतः संकलित (कंपाइल) करणे. इंटरनेटवर सर्वाधिक सांगितला जाणारा उपाय हाच आहे आणि तो चालतोही. परंतु त्यासाठी कंपायलर, कर्नलची हेडर पॅकेजे आणि त्यांचा सारा लवाजमा या लॅपटॉपवर ठेवावा लागला असता. कर्नलचे प्रत्येक अद्ययावतीकरण आले की तो ड्रायव्हर नव्याने संकलित व्हावा लागतो, आणि एखाद्या वेळी तसे झाले नाही तर वायफाय जाते. संगणक सांभाळणारी तज्ज्ञ व्यक्ती हाताशी असेल तिथे हे चालेल. अभ्यासिकेत मात्र सकाळी कुलूप उघडणारे काका आणि अर्जाच्या शेवटच्या दिवशी घाईत असलेली मुले एवढेच मनुष्यबळ असते. त्यांच्या माथी संकलनाची त्रुटी मारणे मला मान्य नव्हते.

म्हणून दुसरा मार्ग घेतला. डेबियनच्या बॅकपोर्ट्स भांडारात १२ व्या आवृत्तीसाठी नवे कर्नल मिळतात. त्या भांडाराची ओळ स्रोतांच्या यादीत घालून तिथला ६.१२ कर्नल बसवला. बॅकपोर्ट्समधील पॅकेजे स्पष्टपणे मागितल्याशिवाय येत नाहीत, त्यामुळे बाकीची प्रणाली जशीच्या तशी राहते. जुना ६.१ कर्नल मुद्दाम काढला नाही. नवा कर्नल अडखळला तर संगणक सुरू होताना येणाऱ्या ग्रबच्या मेनूतून जुना निवडता यावा, हा हेतू. रीबूट केल्यावर मॉड्यूल्स-एलिअसमध्ये सी८११ ची ओळ सापडली आणि एलएसयूएसबीच्या झाडात ड्रायव्हरपुढची जागा भरलेली दिसली. वायफाय मात्र अजूनही नव्हते.

उणे २

या टप्प्यावर अनेकांचा धीर सुटतो, कारण वापरणाऱ्याच्या पडद्यावर काहीच बदललेले नसते. प्रत्यक्षात काम दोन कड्या पुढे सरकलेले होते. डीमेसेजमध्ये आता नवी तक्रार होती : आरटीडब्ल्यू८८ या फोल्डरातील आरटीडब्ल्यू८८२१सी-एफडब्ल्यू ही बिन फाइल मिळाली नाही, त्रुटी उणे २. कर्नलच्या भाषेत उणे २ म्हणजे तशी फाइल अस्तित्वातच नाही. चिपच्या आत चालणारा हा छोटा कार्यक्रम ड्रायव्हरसोबत येत नाही. तो स्वतंत्र फाइल म्हणून लिब फोल्डरातील फर्मवेअर या जागी असावा लागतो आणि डोंगलला वीज मिळाली की दरवेळी ड्रायव्हर तो चिपमध्ये भरतो.

डेबियन १२ चे इन्स्टॉलर फर्मवेअर सोबत घेऊन येते. ऑक्टोबर २०२२ मध्ये डेबियनच्या सदस्यांनी मतदान करून तसा निर्णय घेतला आणि जून २०२३ मध्ये आलेल्या १२ व्या आवृत्तीपासून तो अमलात आला. मग ही फाइल का नव्हती? कारण इन्स्टॉलर समोर दिसलेल्या यंत्रांपुरतेच फर्मवेअर बसवते. मांडणी झाली तेव्हा हे डोंगल विकत घेतलेलेच नव्हते, आणि ते लावलेले असते तरी इन्स्टॉलरला सीडी ड्राइव्हच दिसला असता. सीडी ड्राइव्हला फर्मवेअर लागत नाही. एका कडीतील तुटीने पुढची तूट कशी झाकली जाते, हे या प्रकरणात इथे सर्वांत स्पष्ट दिसते. म्हणूनच एकामागून एक पॅकेजे अंदाजाने बसवून पाहण्याची पद्धत अशा वेळी फसवी ठरते. पहिल्याच फटक्यात फर्मवेअर बसवले असते तरी काही घडले नसते आणि ‘फर्मवेअरही बसवून पाहिले, उपयोग नाही’ असा चुकीचा निष्कर्ष निघाला असता.

स्रोतांच्या यादीत नॉन-फ्री-फर्मवेअर हा विभाग असल्याची खात्री करून फर्मवेअर-रिअलटेक हे पॅकेज बसवले. डोंगल काढून लावले. डब्ल्यूएलएक्स या अक्षरांनी सुरू होणारा आणि पुढे डोंगलचा मॅक पत्ता असलेला इंटरफेस आला, नेटवर्क मॅनेजरने यादी भरली आणि अभ्यासिकेच्या राउटरचे नाव त्यात दिसले.

डीमेसेजमध्ये आणखी एक उणे २ होता, त्याचा उल्लेख करणे आवश्यक आहे, कारण तो लोकांना भलत्या वाटेला लावतो. रेग्युलेटरी-डीबी ही फाइल मिळाली नाही, अशी ती तक्रार होती. कोणत्या देशात कोणत्या वाहिन्यांवर किती शक्तीने प्रक्षेपण करता येते, याची माहिती त्या फाइलीत असते. ती नसेल तर कर्नल सर्व देशांना चालेल असा सावध नियमसंच वापरतो, पण राउटरशी जोडले जाण्यात त्यामुळे सहसा अडथळा येत नाही. वायफाय दिसत नसताना लाल अक्षरांतील ही ओळ दिसली की दोष तिचाच आहे असे वाटते. तो तिचा नसतो. तरीही ५ गिगाहर्ट्झच्या वाहिन्या नियमाप्रमाणे वापरल्या जाव्यात म्हणून वायरलेस-रेगडीबी हे अगदी लहान पॅकेज बसवून देश भारत असा नेमून दिला. हेही शिफारशी वगळताना बाहेर राहिले होते.

हलक्या प्रणालीचा हिशेब

या साऱ्यावरून शिफारशी वगळू नयेत असा निष्कर्ष काढणे मला पटत नाही. २ जीबी रॅमच्या यंत्रावर मोडेम मॅनेजरसारखी सेवा विनाकारण चालत ठेवण्यात अर्थ नाही आणि आजही ती तिथे बसवलेली नाही, यूएसबी-मोडस्विच तिच्यावाचून चालते. आग्रह इतकाच की प्रणाली हलकी करणाऱ्याने आपण कोणती कामे बाहेर ठेवली याची यादी ठेवावी. इतर हलक्या प्रणालींतही कात्री याच जागांवर चालते, फक्त रीत वेगळी असते. टायनी कोअरमध्ये वायरलेसची मॉड्यूले आणि फर्मवेअर ही मूळ प्रणालीत नसतात, स्वतंत्र विस्तार म्हणून घ्यावी लागतात. अल्पाइनमध्ये किमान मांडणीत यूडेव्हऐवजी बिझीबॉक्सचे एमडेव्ह असते आणि फर्मवेअर अनेक छोट्या पॅकेजांत विभागलेले असते. त्यामुळे यूडेव्हचे नियम गृहीत धरून लिहिलेला उपाय तिथे जसाच्या तसा लागू पडत नाही. ‘सिस’मधील क्रमांक, मॉड्यूल्स-एलिअसमधील शोध आणि डीमेसेजमधील त्रुटी ही तीन ठिकाणे मात्र सगळीकडे सारखीच वाचता येतात.

काम संपवण्यापूर्वी लॅपटॉप पूर्ण बंद करून, बॅटरी काढून, पुन्हा चालू केला, कारण नुसत्या रीबूटमध्ये पोर्टची वीज चालू राहू शकते आणि मग डोंगल आधीच्याच रूपात राहून चाचणी खोटी ठरते. बंद अवस्थेतून सुरू झाल्यावर डोंगल सीडीतून वायफायमध्ये आले आणि लॉगिनच्या आधीच जोडणी झाली. बसवलेली चार पॅकेजे, बॅकपोर्ट्सची ओळ आणि जुना कर्नल निवडण्याची रीत एवढे एका कागदावर लिहून तो लॅपटॉपच्या पिशवीत ठेवला. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ चा मूळचा कर्नलच ६.१२ आहे. त्यामुळे लॅपटॉप त्या आवृत्तीवर नेताना बॅकपोर्ट्सची ओळ काढून टाकावी, यूएसबी-मोडस्विच आणि फर्मवेअर-रिअलटेक मात्र ठेवावेत, अशी सूचना त्या कागदाच्या तळाशी आहे.